गरम पाणी, कमी वीज: वाचकांचे प्रश्न

घरातली पाणी तापवण्याची व्यवस्था बदलू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पुढे जागोजागी लागणारा एक आकडा आधीच देऊन ठेवतो. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे, तर साधारण साडेतीन युनिट उष्णता त्यात घालावीच लागते, मग यंत्र कोणतेही असो. बचत करायला जागा दोनच: ही उष्णता आणायची कुठून, आणि नळापर्यंत पोचेतो ती वाटेत किती सांडू द्यायची.

प्रश्न: घरात चार माणसे आहेत. विजेचा गीझर जुना झाला आहे. सोलर घ्यावा, हीट पंप घ्यावा की चांगल्या प्रतीचा नवा गीझरच बसवावा? आणि किती लिटरचा?

उत्तर: यंत्र निवडण्याआधी एक बादली आणि घड्याळ घ्या. शॉवर नेहमीसारखा सोडून बरोबर एक मिनिट बादलीत धरा आणि पाणी मोजा. बहुतेक साध्या शॉवरमधून मिनिटाला ९ ते १२ लिटर पाणी पडते. समजा ९ लिटर पडले आणि माणूस आठ मिनिटे अंघोळ करतो, तर ७२ लिटर झाले. २० अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायला माणशी १.६७ युनिट, चौघांना रोज ६.७ युनिट. आता मिनिटाला ६ लिटर देणारे शॉवरचे तोंड लावा. खर्च साडेचार युनिटवर येतो. यंत्र तेच आणि रोजची दोन युनिट वाचली. हे आधी करायचे कारण असे, की टाकीचा आकार यावरूनच ठरतो.

आकाराचा हिशोब पुढीलप्रमाणे. ६० अंशांच्या पाण्यात २० अंशांचे विसण निम्मेनिम्म घातले की ४० अंश मिळतात. तेव्हा ४८ लिटरच्या अंघोळीला टाकीतले २४ लिटर लागतात, चौघांना ९६. मात्र टाकीतले सगळे पाणी गरम मिळत नाही. खालून थंड पाणी आत येते, मिसळत जाते आणि साधारण पाऊण टाकी संपली की धार कोमट होऊ लागते. म्हणून ९६ ला ०.७५ ने भागा, म्हणजे १२८ आले. सगळे एकापाठोपाठ अंघोळ करत असतील तर १५० लिटर पुरे. हीट पंप असेल आणि पाणी ५५ अंशांवरच ठेवायचे असेल, तर हाच हिशोब १४६ लिटरवर जातो. तिथे १५० अगदी काठावर पडते, २०० घ्यावे.

आता यंत्र. साधा गीझर एक युनिट वीज घेऊन जवळजवळ एक युनिट उष्णता देतो. त्यात सुधारणेला जागा फक्त टाकीच्या आवरणात आहे. हीट पंप विजेने उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणतो, म्हणून एका युनिटमागे अडीच ते साडेतीन युनिट उष्णता मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. सोलरला चालवायचा खर्च जवळजवळ नाही, पण ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय लागतेच. छतावर सकाळी ९ ते दुपारी ३ पर्यंत सावली पडत नसेल आणि न्हाणीघर छतापासून फार लांब नसेल, तर सोलर. छत आपले नसेल, सावली असेल किंवा बरेच मजले खाली पाणी न्यायचे असेल, तर हीट पंप. जागा अगदीच नसेल आणि वापर एका माणसाचा असेल, तर जाड आवरणाचा लहान गीझर हाही शहाणपणाचा निर्णय आहे. वापरच कमी असला की महागड्या यंत्राची किंमत भरून निघायला फार वर्षे जातात. स्वतः आकडेमोड करा: रोज वाचणारी युनिट गुणिले ३६५ गुणिले तुमचा विजेचा दर, आणि दोन यंत्रांच्या किमतीतल्या फरकाला या रकमेने भागा. उत्तर यंत्राच्या हमीच्या वर्षांपेक्षा जास्त आले तर घाई करू नका.

प्रश्न: गीझर दिवसभर चालूच ठेवला तर वीज कमी लागते, कारण थंड पाणी पुन्हा तापवावे लागत नाही, असे सांगतात. खरे आहे का?

उत्तर: नाही. टाकी जितकी गरम, तितकी तिच्यातून उष्णता जास्त वेगाने बाहेर जाते. बंद गीझर हळूहळू थंड होतो, तसा गळतीचा वेगही कमी होतो. पुन्हा तापवताना भरावी लागते ती फक्त गेलेली उष्णता, आणि ती चालू ठेवलेल्या गीझरने दिवसभरात गमावलेल्या उष्णतेपेक्षा नेहमी कमीच असते.

तुमच्या गीझरची गळती किती, हे घरी मोजता येते. पाणी पूर्ण तापून दिवा गेला की पाणी न वापरता त्याच्याकडे लक्ष ठेवा: दिवा दर किती वेळाने लागतो आणि किती मिनिटे राहतो. २ किलोवॉटचे एलिमेंट दिवसभरात मिळून अर्धा तास चालले तर गळती १ युनिट. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला याच एलिमेंटला सुमारे ३५ मिनिटे लागतात. तेव्हा अंघोळीआधी पाऊण तास टायमर लावला की पुरते. हीट पंपाला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. त्याचे कारण पुढे एका उत्तरात आले आहे.

प्रश्न: २०० लिटरचा हीट पंप घ्यायचा आहे. जागा म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राशेजारची एक लहान बंद खोली. तिथे चालेल का? बसवताना काय पाहावे?

उत्तर: हीट पंपाला हवा लागते, आणि तीच पहिली अडचण होते. तो खोलीतली हवा ओढतो, तिच्यातली उष्णता काढतो आणि थंड हवा बाहेर टाकतो. खोली लहान आणि बंद असेल, तर काही वेळाने तो स्वतःच टाकलेली थंड हवा पुन्हा ओढू लागतो. मग सीओपी घसरतो, हवेतली उष्णता घेणाऱ्या बाष्पक कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र आतले विजेचे एलिमेंट चालू करते. आत पंखा आणि डोक्यावर कॉम्प्रेसर असलेल्या एकसंध यंत्राला निदान २० घनमीटर मोकळी हवा हवी, म्हणजे साधारण ३ मीटर लांब, २.७ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोली. तुमची खोली त्याहून लहान असेल, तर दोन मार्ग आहेत. दाराला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी झडपा करा, किंवा बाहेर टाकायची हवा १५० ते २०० मिलिमीटर व्यासाच्या नळीने घराबाहेर काढा. नळीला कोपरे कमी ठेवा, कारण प्रत्येक वळणाला पंख्याचा जोर जातो. दुसरा पर्याय म्हणजे टाकी आत आणि यंत्र बाहेर अशा दोन भागांचा हीट पंप. जागा मिळत असेल तर आमचे झुकते माप त्यालाच: आवाज बाहेर राहतो आणि थंडावाही.

दुसरी गोष्ट वजन. २०० लिटर पाणी आणि यंत्र मिळून ३०० किलोच्या आसपास भार जमिनीवर एका जागी येतो. भिंतीवर टांगायचा विचारही करू नका. जमीन सपाट हवी, यंत्र पातळी लावून ओळंब्यात उभे करायचे.

तिसरी गोष्ट बाष्पाचे पाणी. दमट हवेत दिवसाला काही लिटर पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडते. त्याच्या नळीला शेवटपर्यंत उतार हवा. मध्ये कुठे ती वर चढली तर पाणी साठते, शेवाळ धरते आणि एक दिवस थाळी भरून पाणी यंत्रातच सांडते. बसवणारा निघून जाण्याआधी थाळीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येते का, हे डोळ्यांनी पाहा.

वाहतुकीत यंत्र आडवे झाले असेल तर ते उभे करून लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधले तेल पाइपांत गेलेले असते, ते परत खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. पुस्तिकेत पूर्ण दिवस सांगितला असेल तर पूर्ण दिवस थांबा.

वेगाबद्दल अपेक्षा आधीच ठरवून घ्या. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर नेण्यासाठी ८.१ युनिट उष्णता लागते. घरगुती हीट पंप तासाला साधारण २ युनिट उष्णता देतो, म्हणजे चार तास. वीज लागेल पावणेतीन युनिटच्या आसपास. पण गीझरसारखे अर्ध्या तासात पाणी मिळणार नाही. म्हणून टाकी मोठी घ्यायची आणि तापवायचे काम दुपारी, हवा सगळ्यात गरम असताना उरकायचे.

प्रश्न: हीट पंप बसवून झाला, पाणीही गरम मिळते. पण विजेची युनिट फारशी कमी झालेली नाहीत. यंत्र खराब आहे का?

उत्तर: बहुधा यंत्र ठीक आहे आणि पाणी हीट पंपाऐवजी आतले एलिमेंट तापवते आहे. यंत्राच्या पडद्यावर किंवा वेगळ्या मीटरवर चालू असतानाचे वॉट बघा. ५०० ते ८०० वॉट दिसले तर कॉम्प्रेसर काम करतो आहे. दीड-दोन हजारांच्या पुढे आकडा गेला तर एलिमेंट लागलेले आहे.

एलिमेंट विनाकारण लागण्याची कारणे ठरलेली आहेत. मोड ‘बूस्ट’ किंवा ‘ऑटो’वर राहिलेला असतो. बसवणारा चाचणी घेऊन तसाच सोडून जातो, हे फार वेळा होते. तो ‘इको’ किंवा ‘फक्त हीट पंप’वर आणा. दुसरे कारण टायमर: गीझरच्या सवयीने हीट पंपाला सकाळी एकच तास दिला, तर एवढ्या वेळात पाणी तापणार नाही हे ओळखून यंत्र एलिमेंटची मदत घेते. त्याला सलग चार-पाच तास द्या. तिसरे, पाणी ६५ अंशांवर लावलेले असते. हवा आणि पाणी यांच्या तापमानातले अंतर वाढते तसा कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो. ५० ते ५५ अंश रोजच्या वापराला पुरतात. चौथे, हवेची गाळणी धुळीने भरलेली. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती काढून साध्या पाण्याने धुवा आणि वाळवून लावा.

हे सगळे नीट असूनही फरक नसेल, तर पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेवर हात धरा. यंत्र अर्धा तास चालल्यावर ती आत जाणाऱ्या हवेपेक्षा स्पष्ट थंड लागली पाहिजे. कॉम्प्रेसर घरघरतो आहे आणि हवा मात्र तशीच, असे असेल तर शीतक वायू कमी झाल्याची शंका घ्या आणि तंत्रज्ञाला बोलवा. यंत्रात आर-२९० म्हणजे प्रोपेन असेल, तर त्या वायूचे काम येणारा माणूसच हवा, कारण तो ज्वलनशील आहे.

प्रश्न: छतावरच्या सोलरच्या टाकीला दुपारी हात लावला तर चटका बसतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात कोमट पाणी येते. रात्री कोणीही पाणी वापरत नाही. टाकी बदलावी का?

उत्तर: टाकीला हात लावण्याआधी न्हाणीघरातला मिक्सर तपासा. या तक्रारीचे मूळ फार वेळा तिथे सापडते.

एका दांड्याच्या मिक्सरमध्ये गरम आणि थंड पाणी आतल्या आत एकमेकांना भेटते. हाताने धरायच्या शॉवरला स्वतःचा खटका असेल आणि अंघोळ झाल्यावर फक्त खटका सोडून मिक्सर उघडाच राहिला, तर गरम आणि थंड लाइन रात्रभर एकमेकींना जोडलेल्या राहतात. थंड लाइनवर दाब वाढवणारा पंप असेल आणि सोलरचे पाणी नुसत्या उंचीवरून येत असेल, तर जास्त दाबाचे थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरते आणि उलटे चढत थेट सोलरच्या टाकीत जाते. नळ एकही गळत नाही, जमीन कोरडी आणि टाकी मात्र गार. पंप चालू असताना टाकीच्या वाफेच्या उभ्या नळीतून पाणी ओघळताना दिसले, तर निदान पक्केच समजा.

खात्री अशी करा. सोलरच्या टाकीत थंड पाणी नेणारा व्हॉल्व्ह बंद करा. खाली गरम पाण्याचा एक नळ उघडा. पाइपातले पाणी निघून धार काही वेळात थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर थंड पाणी कुठल्या तरी मिक्सरमधून येते आहे. आता एकेका मिक्सरखालचे कोनी व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने धार थांबेल, तो दोषी.

उपाय म्हणजे प्रत्येक मिक्सरच्या गरम आणि थंड अशा दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. उंचीच्या दाबावर चालणाऱ्या गरम लाइनवर कडक स्प्रिंगचा एनआरव्ही लावू नका, कारण तो उघडायलाच तेवढा दाब नसतो आणि धार बारीक होते. तिथे झडपेचा एनआरव्ही आडव्या पाइपात, बाण पाण्याच्या दिशेने ठेवून लावायचा. खरा कायमचा इलाज मात्र दोन्ही लाइनींचा दाब सारखा करणे, म्हणजे पंपाचेच पाणी सोलरलाही देणे. सोलरची टाकी दाब सोसणारी असेल तरच हे करा. साध्या उघड्या नळीच्या टाकीला पंप जोडला तर ती फुगते आणि शिवणीवर फाटते.

मिक्सर निर्दोष निघाला, तर संध्याकाळी पाच वाजता आणि सकाळी सहा वाजता थेट टाकीच्या तोंडाशी तापमान घ्या. एका रात्रीत १० अंशांहून जास्त उतार असेल, तर आवरणात पाणी शिरून ते ओले झालेले असते. ओले आवरण काही कामाचे नाही, आणि तेव्हा टाकी बदलणे योग्य. टाकीचे पाणी गरम आणि नळाचे गार असेल, तर दोष पाइपाचा. उघड्यावरचे काळे फोम आवरण उन्हाने काही वर्षांत भुसा होऊन गळून पडते. नवे लावताना १९ मिलिमीटर जाडीचे घ्या आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा.

प्रश्न: सोलरमध्ये काचेच्या नळ्यांचा घ्यावा की सपाट पेटीचा?

उत्तर: पाणी क्षारयुक्त असेल तर नळ्यांचा. सपाट पेटीत पाणी तांब्याच्या बोटाएवढ्या बारीक नळ्यांतून फिरते आणि त्या क्षारांनी आतून बुजत जातात. काचेच्या नळीचा व्यास बहुधा ५८ मिलिमीटर असतो, क्षार तळाशी बसतात आणि नळी काढून धुता येते. पाणी मऊ असेल आणि पंपाचा दाब द्यायचा असेल तर सपाट पेटी टिकाऊ. १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर पेटी धरा. ज्या ठिकाणी पाणी गोठते तिथे दोन्हींपैकी काहीही घेतले तरी ग्लायकॉल या न गोठणाऱ्या द्रवाचे बंद चक्र आणि टाकीत उष्णता देणारी कॉइल हवी.

नळ्यांच्या सोलरबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी मुलामा दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला की दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता उष्णता धरणार नाही. अशी एक-एक नळी बदलता येते. आणि भर उन्हात रिकाम्या नळ्यांत थंड पाणी कधीही सोडू नका, त्या तडकतात. पाणी दोन दिवस नव्हते आणि आता आले, अशा वेळी सूर्य मावळेपर्यंत थांबा. नळ्यांचा कोन साधारण जागेच्या अक्षांशाइतका ठेवतात. हिवाळ्यात जास्त पाणी हवे असेल तर त्यात १० अंश वाढवा. तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला.

प्रश्न: पाणी जड आहे. एलिमेंट वारंवार जळते आणि गीझर तापताना आतून कडकड आवाज येतो.

उत्तर: तो आवाज क्षारांच्या थराखाली अडकलेले पाणी उकळल्याचा असतो. एलिमेंटवर कॅल्शियमचा थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंटचे तापमान आतून वाढत जाते आणि तार जळते. ६० अंशांच्या वर क्षार झपाट्याने खाली बसतात, म्हणून तापमान गरजेपुरतेच ठेवणे हा निम्मा उपाय झाला.

वर्षातून एकदा साफसफाई करा. वीज मुख्य खटक्यावरून बंद करा, पाणी गार होऊ द्या, येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि वरचा गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल. खालचा निचरा उघडून टाकी रिकामी करा. मग येणारा व्हॉल्व्ह थोडा थोडा वेळ उघडून धक्क्याधक्क्याने पाणी सोडा. तळाचा गाळ आणि पापुद्रे असेच निघतात, एकसारख्या धारेने निघत नाहीत. एलिमेंट बाहेर काढले असेल तर १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून ते त्यात दोन-तीन तास ठेवा. जोडणीची टोके मात्र कोरडी राहू द्या. चाकूने खरवडू नका, बाहेरचे आवरण कापले जाते. रबरी गॅस्केट दर वेळी नवे घाला आणि टाकी पूर्ण भरून नळातून हवा न येता सलग पाणी येईपर्यंत वीज लावू नका. कोरडे एलिमेंट काही क्षणांत जळते.

याच वेळी ॲनोडची कांडी बघा. ती मॅग्नेशियमची असते आणि टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजते. आतली तार दिसू लागली किंवा अर्ध्याहून कमी उरली की बदला. काही वर्षांत टाकी फुटली म्हणून सगळा गीझर टाकून देणाऱ्या घरांत ही कांडी बहुधा एकदाही बदललेली नसते, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते. नव्या सोलर आणि हीट पंपाच्या काचलेपी टाक्यांतही ती असते. पाणी मऊ करणारे यंत्र लावले असेल तर कांडी उलट लवकर झिजते, तेव्हा तपासणी सहा महिन्यांवर आणा.

प्रश्न: टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. प्लंबर म्हणतो बूच मारून टाकू.

उत्तर: मारू देऊ नका. पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की ते सुमारे दीड टक्का फुगते, १०० लिटरचे दीड लिटर जास्त होते. येणाऱ्या लाइनवर एनआरव्ही असेल तर या पाण्याला जायला तोच एक मार्ग उरतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर टाकी फुटण्यापासून वाचवणाराही तोच. व्हॉल्व्हची नळी खाली उतरती, उघड्या तोंडाची आणि मध्ये कुठलीही तोटी नसलेली हवी.

फक्त तापतानाच थेंब पडत असतील तर ते स्वाभाविक आहे. ते नको असतील तर थंड लाइनवर छोटी प्रसरण टाकी बसवा. वीज बंद असतानाही पाणी ठिबकते, तेव्हा एकतर येणारा दाब जास्त आहे, त्यासाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल, किंवा बैठकीत कचरा अडकला आहे. दांडी दोन-तीनदा उचलून सोडा, कचरा वाहून जातो. तरीही थांबले नाही तर व्हॉल्व्ह नवा, त्याच दाबाचा.

प्रश्न: वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर ठेवला तर?

उत्तर: साठवणाच्या टाकीत नको. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. वयस्कर आणि आजारी माणसांना धोका जास्त. ५० अंशांच्या पुढे त्यांची वाढ थांबते आणि ६० अंशांना त्यांतले बहुतेक काही मिनिटांत मरतात. हीट पंप ५० ते ५५ वर ठेवून आठवड्यातून एकदा ६० च्या वर नेणारी सोय चालू ठेवा. आठवड्यातून एकदा एलिमेंट लागले तर त्याची वीज खुशाल जाऊ द्या. घर बरेच दिवस बंद असेल, तर आल्यावर टाकी पूर्ण तापवून मगच शॉवर वापरा. रोज पूर्ण रिकामा होणाऱ्या १५-२५ लिटरच्या गीझरमध्ये हा धोका कमी असतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ६० अंशांचे पाणी साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजते. लहान मुले किंवा वृद्ध घरात असतील तर टाकीच्या तोंडाशी मिश्रण करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावा आणि नळाला ४५ च्या आतच पाणी येऊ द्या.

प्रश्न: ३ किलोवॉटचा झटपट गीझर टाकीपेक्षा किफायतशीर नाही का?

उत्तर: साठवणाची गळती नसते, हे खरे. पण ३ किलोवॉटमध्ये पाणी २५ अंशांनी तापवायचे तर मिनिटाला १.७ लिटरच धार मिळते. भांडी विसळायला, हात धुवायला उत्तम. मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरला साडेदहा किलोवॉट लागतील, आणि २३० व्होल्टवर ते ४५ अँपिअर होतात. त्यासाठी वायरिंग आणि मंजूर भार दोन्ही वाढवावे लागतात.

प्रश्न: स्वयंपाकघरात गरम पाणी यायला फार वेळ लागतो. पाणी फिरते ठेवणारा पंप लावावा का?

उत्तर: आधी पाइपात किती पाणी मावते ते बघा. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला साधारण पाव लिटर, अर्ध्या इंचीत त्याच्या निम्मे. १५ मीटर पाऊण इंची लाइन असेल तर प्रत्येक वेळी ४ लिटर गार पाणी आधी सोडायचे आणि नळ बंद केल्यावर तेवढेच गरम पाणी पाइपात निवायला ठेवायचे. दिवसातून सहा वेळा असे झाले आणि पाणी ३० अंशांनी तापवलेले असेल, तर पाऊण युनिटहून अधिक उष्णता भिंतीत जाते. तेवढ्या एका नळासाठी अर्धा इंची वेगळी लाइन ओढणे हा सर्वांत चांगला उपाय, नाहीतर सिंकखाली छोटा गीझर.

चोवीस तास फिरता पंप मात्र लावू नका. आवरण असलेल्या पाइपातूनही मीटरमागे १० वॉटच्या आसपास उष्णता जाते. ३० मीटरचे वेटोळे दिवसाला सात युनिट गिळेल आणि हीट पंपाच्या टाकीतले गरम-गार पाण्याचे थरही ढवळून टाकेल. पंप हवाच असेल तर बटण दाबल्यावर चालणारा आणि परतीचे पाणी गरम लागले की आपोआप थांबणारा घ्या.

प्रश्न: छतावर सौर वीज आधीपासून आहे. आता पाण्यासाठी वेगळा सोलर बसवू की हीट पंप?

उत्तर: हीट पंप. २०० लिटरचा हीट पंप दिवसाला पावणेतीन युनिटच्या आसपास घेतो, आणि १ किलोवॉटचे पॅनल ऊन चांगले असेल तर तेवढी वीज एका दिवसात देते. छतावर नवे पाइप, नवी टाकी, नवी गळती काही नको. टायमर सकाळी ११ ते दुपारी ३ असा लावा, म्हणजे आपलीच वीज वापरली जाईल आणि हवाही गरम मिळेल. इन्व्हर्टर बॅटरीवर चालणारा असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ओढतो तो प्रवाह त्याला झेपतो का, हे दोन्ही यंत्रांच्या पाट्या वाचून आधी ताडून घ्या. पंपासाठी स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा गळती-खटका आणि पक्के अर्थिंग हवे. वायर निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि टाकीत एलिमेंट ३ किलोवॉटचे असेल किंवा अंतर लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटरची.